स्पर्धात्मक गेमिंग: खरी मजा बघण्यात की खेळण्यात?

कोपरा

काउंटर-स्ट्राइक हा बंदुकांचा कॉम्प्युटर गेम मी त्याच्या १.६ या जुन्या आवृत्तीपासून खेळतोय, म्हणजे सायबर कॅफेत पाच-पाच जणांचे दोन गट करून बसायचो तेव्हापासून. आजही खेळतो, पण आठवड्यातली एखादी रात्र. बघतो मात्र जवळजवळ रोज. जेवताना, इस्त्री करताना, लोकलमध्ये. मोठी स्पर्धा असली की रात्री दोनपर्यंत जागून. मित्रांमध्ये यावरून कायम वाद होतो. त्यांचं म्हणणं, गेम ही खेळायची गोष्ट आहे, बघायची नाही. मला ते अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. बॉम्ब लागलाय, फुटायला ४० सेकंद. दोन्ही बाजूंचा एकेकच गडी उरलाय. बॉम्ब निकामी करायला आलेल्याकडे किट नाही, म्हणजे त्याला पूर्ण १० सेकंद बॉम्बपाशी बसावं लागणार. किट असतं तर ५ सेकंदांत काम झालं असतं. खेळणाऱ्याला यातलं काय कळतं? समोर धूर, कानात बॉम्बची वाढत जाणारी टिकटिक आणि दुसरा कुठे दडलाय याचा नुसता अंदाज. आपल्याला मात्र भिंतीपलीकडच्या माणसाची आकृतीही दिसत असते. हा बॉम्बला हात लावतो आणि लगेच सोडतो. तेवढा आवाज ऐकून दडलेला गडी डोकावेल का? हे नाटक असू शकतं हे त्याला माहीत आहे. त्याला ते माहीत आहे, हे यालाही माहीत आहे. तिकडे घड्याळ पळतंय. हा प्रसंग त्या दोघांपैकी कुणालाच पूर्ण दिसत नाही, आपल्याला दिसतो. खेळताना ही मजा मला कधीच मिळाली नाही आणि मिळणारही नाही.

यावर 'क्रिकेटही बघतोच की आपण' असं उत्तर येणार, पण मला ते पुरत नाही. वानखेडेच्या खेळपट्टीवर आपल्याला कुणी उभं करणार नाही. मिराज हा मॅप मात्र जसाच्या तसा माझ्याकडे आहे. तीच गल्ली, तीच बंदूक, खर्चायला तेवढेच पैसे. ज्या कॉम्प्युटरवर दुसऱ्यांचा खेळ बघतोय त्यावरच मला खेळता येतं, आणि तरी मी बघतो. असं का होत असावं? तुम्ही काय करता, आणि का?


खारी बिस्किट

खेळतो. बघायला बसलो की दहा मिनिटांत हात शिवशिवतात, व्हिडिओ बंद करून गेम उघडतो. विषय संपला.


झुंबर

खारी, एवढी घाई? अजून लोक चपला काढून आत यायचेत.

कोपरा, पूर्ण सहमत. माझ्याकडून पुरावा २००४ सालचा. कॅलिफोर्नियात पोमोनाला इव्हो ही फायटिंग गेम्सची स्पर्धा चालू होती. गेम स्ट्रीट फायटर थ्री: थर्ड स्ट्राइक. एका बाजूला जपानचा दाइगो उमेहारा, केन हे पात्र घेऊन. दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा जस्टिन वाँग, चुन-ली घेऊन. दाइगोचं रक्त इतकं कमी उरलंय की पट्टीत जेमतेम एक रेघ दिसते. या गेममध्ये समोरच्याची सुपर मूव्ह ब्लॉक केली तरी थोडं रक्त जातंच, म्हणजे ब्लॉक करूनही तो मरणारच. एकच वाट उरते, पॅरी. फटका येऊन लागणार नेमक्या त्याच क्षणी स्टिक पुढे ढकलायची. मागे नाही, पुढे, फटक्याच्या दिशेने. वाँग सुपर सोडतो. १५ फटके. दाइगो एकेक करून सगळे पॅरी करतो, शेवटचा हवेत, आणि खाली येताच स्वतःचा कॉम्बो लावून सामना घेतो.

व्हिडिओ आजही सहज सापडतो. तो आवाज मोठा करून बघा. फटके संपायच्या आधीच मागची गर्दी किंचाळायला लागते, कारण त्या खोलीतल्या बहुतेकांनी पॅरी स्वतः करून बघितलेला असतो. एक साधला तरी माणूस खूश होतो, इथे ओळीने पंधरा! दाइगोने ती स्पर्धा जिंकली नाही, अंतिम सामना तो हरला. पण त्या वर्षीचं इव्हो म्हटलं की लोकांना हाच सामना आठवतो. आता मला सांगा, तो क्षण दाइगोने जास्त अनुभवला की खोलीतल्या लोकांनी? तो तर त्या वेळी फक्त पुढच्या फटक्याचा विचार करत असणार.


लांबपल्ला

झुंबर, वर्णन झकास, पण उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातंय. तुम्हीच म्हणता की ओरडणाऱ्यांनी पॅरी करून बघितलेला होता. माझ्या वडिलांना तोच व्हिडिओ दाखवला तर दोन चित्रं एकमेकांना लाथा घालतायत एवढंच दिसेल त्यांना. म्हणजे खेळणं आधी, बघणं नंतर. न खेळता बघणाऱ्याला निम्मं कळत नाही आणि निम्मं चुकीचं कळतं.


झुंबर

'आधी' मान्य. पण जे आधी येतं तेच मोठं, हे कुणी ठरवलं?


उसाचा रस

काउंटर-स्ट्राइक झालं, स्ट्रीट फायटर झालं, बीजीएमआयवालं (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, शेवटपर्यंत टिकायचा फोनवरचा बंदुकांचा गेम) कोण हाय का हितं? आमच्या कोल्हापूर भागात कुठल्याबी गावात जावा, पारावर चार पोरं फोन आडवा धरून बसलेली दिसणार.

माझा मुद्दा वेगळा हाय. मी बघतो कारण माझ्या फोनवर नीट खेळता येत नाही. गेम चालू केला की फोन तापतो, जवळची फाइट लागली की चित्र अडकतं, आणि सुटतं तवर मी पेटी झालेला, म्हणजे मेलेला असतो. ज्याच्याकडं चांगला फोन हाय तो चार बोटांनी पंजासारखा फोन (क्लॉ) धरून, जायरो लावून (फोन हलवून नेम धरत) खेळतोय, आणि आम्ही दोन अंगठ्यांवर. मग मोठी मॅच असली की आम्ही चौघं एका फोनवर, हॉटस्पॉट पाचव्याचं. खेळायला भारी फोन लागतो, बघायला कसलाबी चालतो. हे अजून कुणी बोललंच नव्हतं म्हणून लिहिलं.


कोपरा

उसाचा रस, धाग्यातला आत्तापर्यंतचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तुम्ही मांडलात. सायबर कॅफेतही असंच होतं. तासाचे पैसे संपले की घरी जायचं नाही, खुर्चीमागे उभं राहायचं. डस्ट टू या मॅपवर कोण कुठून येतो, लाँग या लांब वाटेवर कधी जायचं, कधी थांबायचं, हे सगळं मी उभ्या उभ्या शिकलो. एका खुर्चीमागे चार डोकी, आणि चौघांचे सल्ले एकदम. आपल्याकडे बघणं त्या खुर्चीमागूनच सुरू झालं, ट्विच-यूट्यूब फार नंतर आले.


लांबपल्ला

फोनचा मुद्दा बिनतोड. पण उसाचा रस, बीजीएमआय बघायला मला खरंच जमत नाही, कारण सांगतो. १६ संघ, प्रत्येकी चौघे, म्हणजे ६४ जण. एरँगल या मॅपवर एकाच वेळी चार-पाच ठिकाणी गोळीबार चालू. ऑब्झर्व्हर (प्रेक्षकांना काय दाखवायचं ते ठरवणारा) एका ठिकाणी कॅमेरा नेतो तोवर दुसरीकडे अख्खा संघ साफ. कोपऱ्यात नावं सरकतात तेव्हा कळतं. आपण पोचतो तर नुसत्या पेट्या. वर गुणांचा हिशेब: पहिल्याला १०, दुसऱ्याला ६, मग ५, ४ असं उतरत जाणार आणि प्रत्येक फिनिशचा, म्हणजे मारलेल्या गड्याचा, १ गुण वेगळा. त्यामुळे चिकन डिनर घेतलेला, म्हणजे सामन्यात पहिला आलेला संघही तक्त्यात चौथ्या नंबरवर असू शकतो. काउंटर-स्ट्राइकला बघा: पाच विरुद्ध पाच, १ मिनिट ५५ सेकंदांचा राउंड, एक बॉम्ब, दोन जागा. गेम म्हणून बीजीएमआय चांगला असेल, पण बघण्यासाठी तो बनलेलाच नाही.


उसाचा रस

दादा, तुम्ही गोळ्या बघताय. आम्ही नियोजन बघतो.

झोन (ज्याच्या आत राहावं लागतं तो आकसत जाणारा गोल) पडला की मॅपवर बघायचं, कुठला संघ कुठं हाय, कुणाकडं गाडी हाय, मधल्या टेकडीवर आधी कोण पोचणार. पुढचा झोन कुठं सरकणार यावर आमच्यात चहाची पैज असते. आणि शेवटाला चार संघ उरलेत, सगळे गवतात पालथे पडलेत, झोन आत ढकलतोय, पहिला जो उठणार तो मरणार. पण कुणाला तरी उठावं तर लागणारच की! त्या टायमाला आमच्यातला एकबी श्वास घेत नाही. आणि गुणांचं म्हणाल तर तिथंच खरी गंमत हाय. ज्या संघाला दोनच गुण पायजेत तो लपून बसतो, ज्याला बारा पायजेत तो अंगावर येतो. कुठला संघ असा का खेळतोय हे तक्ता शेजारी ठेवला तरच कळतं.


लांबपल्ला

हे मात्र कुणी समजावून सांगितलं नव्हतं. पुढच्या स्पर्धेला तक्ता शेजारी उघडून बघतो.


स्पष्टवक्ता

सगळ्यांचा उत्साह बघून राहवत नाही म्हणून लिहितो. तासन्‌तास दुसऱ्याचा खेळ बघून हातात काय येतं? स्वतः खेळणारा निदान काही करतो तरी. आमच्या ओळखीत एका घरात या ऑनलाइन गेमपायी कर्ज झालं. आणि तुम्ही लोक चहाच्या पैजा सांगताय.


अबोली

स्पष्टवक्ता, कर्ज झालं ते पैसे लावायच्या ॲपमुळे असणार. तो विषय गंभीरच आहे, पण हा नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यातही पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आहे आणि ई-स्पोर्ट्सला वेगळं काढून मान्यता आहे. २०१८ च्या जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय खेळ होता, तिथे आपल्या तीर्थ मेहताने हर्थस्टोन या पत्त्यांच्या गेममध्ये ब्राँझ मिळवलं. हांगझौला २०२३ मध्ये तर तो पदकांचा खेळ झाला. दोन्ही एकाच टोपलीत टाकू नका, मुलांशी बोलणंच बंद होतं त्याने.

मी स्वतः एकही गेम खेळलेली नाही. मुलगा नववीत आहे, व्हॅलोरंट या बंदुकांच्या गेमचे सामने बघतो. आधी मी नुसती ओरडायचे. मग एकदा म्हटलं, बसून बघू तरी काय आहे. नेम धरणं, फ्लॅश, हे मला आजही समजत नाही. पण मी बँकेत आहे, मला हिशेब समजला! सुरुवातीला प्रत्येकाला ८०० क्रेडिट. व्हँडल ही चांगली बंदूक २९०० ची, जड चिलखत १००० चं. राउंड हरलात की हातात पैसे कमी. मग सगळे मिळून ठरवतात की हा राउंड पिस्तुलावरच काढायचा, पैसे साठवायचे आणि पुढच्या राउंडला पूर्ण खरेदी करायची. एकाने मध्येच हौस म्हणून महाग बंदूक घेतली तर पाचही जणांचा हिशेब फिसकटतो. आता राउंड सुरू व्हायच्या आधी मी सांगते, 'हे लोक आज खरेदी करणार नाहीत.' बहुतेक वेळा बरोबर येतं. चिरंजीव फार बोलत नाहीत, पण मी स्वयंपाकघरात असले तर 'आई, सामना लागला' अशी हाक येते.

लांबपल्ला, न खेळता निम्मं कळत नाही म्हणालात. मला जे निम्मं कळतं ते माझ्या मुलाला माझ्याकडून कळलं.


लांबपल्ला

ताई, नमस्कार घ्या. एकच शंका: शेजारी खेळणारा बसलेला असतो म्हणून तुम्हाला कळतं. तो उठून गेला तर?


अबोली

तो क्लासला गेला की मी बघते आणि आल्यावर त्याला निकाल सांगते. त्यावरून घरात भांडण होतं, ते वेगळं.


खारी बिस्किट

ताई, निकाल फोडणं हा गुन्हा आहे. यावर कायदा हवा.


संत्राबर्फी

राजेहो, बुद्धिबळ यात धरता की नाही? २०२५ च्या रियाधच्या ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कपमध्ये बुद्धिबळही होतं, त्यामुळे धरावंच लागेल.

कोपरा म्हणतात की बघणाऱ्याला सगळं दिसतं ही मजा आहे. मला तीच गोष्ट खटकते. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषकाची फायनल, कोनेरू हंपी आणि आमच्या नागपूरची दिव्या देशमुख. क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, मग रॅपिडचा टायब्रेक. तो जिंकून १९ वर्षांची दिव्या विश्वचषकाची विजेतीही झाली आणि त्यासोबत ग्रँडमास्टरही. नागपुरात घराघरात लोक स्क्रीनला चिकटून होते. आमच्याकडेही पंधरा-वीस माणसं जमलेली. स्क्रीनच्या कडेला बुद्धिबळाच्या इंजिनची, कोण पुढे आहे ते दाखवणारी ती काळी-पांढरी पट्टी. पट्टी जरा हलली की आमच्यातले एक काका, ज्यांना घोडा अडीच घरं चालतो याच्या पलीकडे काही ठाऊक नाही, ते म्हणत, 'अरे अरे, काय खेळली ही!' ती पोरगी घड्याळात मोजके सेकंद उरलेले असताना जगातल्या अव्वल खेळाडूसमोर बसलेली, आणि इकडे हे नाव ठेवून मोकळे.

पट्टी तुम्हाला उत्तर देते. ते उत्तर शोधायला किती त्रास पडतो हे ती सांगत नाही. मी शेवटी पट्टीवर कागद चिकटवला. सगळ्यांनी आधी आरडाओरड केली, मग हळूहळू एकेक जण 'उंट इथे आला तर?' असं बोलायला लागला. बघण्याची मजा मला तिथून पुढे आली. तुमच्या भिंतीपलीकडच्या आकृतीचंही तेच आहे. ती दिसते म्हणून आपण म्हणतो, 'अरे तिकडे बघ ना, समोरच तर आहे!' त्याला कुठे दिसतंय ते?


कोपरा

संत्राबर्फी, कागदाची युक्ती फार आवडली. आणि हे खरंय की आकृती दिसल्यामुळे चॅटमध्ये लोक ज्या भाषेत खेळाडूंना बोलतात ते वाचवत नाही. तरी मी माझा मुद्दा पूर्ण सोडणार नाही. दोन्ही बाजू दिसतात तेव्हाच कुणी किती अचूक अंदाज बांधला हे कळतं. पाचही जणांनी एक जागा मोकळी सोडून दुसरीकडे जाऊन थांबायचं ठरवलं आणि हल्ला नेमका तिथेच आला, तर खेळणाऱ्याला वाटतं आपण वाचलो. आपल्याला मात्र दिसतं की त्यांनी ते ओळखलं होतं.


तिठा

बरेच दिवस नुसता वाचक होतो. आज लिहितो.

डोटा हा पाच विरुद्ध पाचचा गेम वॉरक्राफ्टमध्ये होता तेव्हापासून खेळत होतो. दोनेक वर्षांपूर्वी उजव्या मनगटात कळा यायला लागल्या, रात्री बोटांना मुंग्या. डॉक्टरांनी सांगितलं की माउसचं काम शक्य तितकं कमी करा. नोकरी कॉम्प्युटरवरची, ती तर सोडता येत नाही. मग गेम सुटला. पहिले काही महिने मी सामनेही बघत नव्हतो, कारण बघताना बोटं आपोआप हलायची आणि मग दुखायची.

नंतर मित्राने आग्रहाने २०१८ ची इंटरनॅशनल, म्हणजे डोटाची सगळ्यात मोठी स्पर्धा, पुन्हा बघायला बसवलं. व्हँकुव्हरची. ओजी संघाचे दोन खेळाडू स्पर्धेच्या तोंडावर सोडून गेलेले. प्रशिक्षक असलेला सेब स्वतः खेळायला उतरला. टॉपसन नावाचा मुलगा घेतला, ज्याने एवढ्या मोठ्या मंचावर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. खुल्या पात्रता फेरीतून ते आले आणि अंतिम सामन्यात पीएसजी.एलजीडीला ३-२ ने हरवलं. पुढच्या वर्षी शांघायला पुन्हा जिंकले. इंटरनॅशनल दोनदा जिंकणारा तो पहिला संघ. हे सगळं मी त्या वर्षीही बघितलं होतं, पण तेव्हा मी दर पाच मिनिटांनी 'ही वस्तू मीही घेऊन बघतो', 'हा हिरो उद्या खेळतो' असं करत होतो. या वेळी उद्या खेळायचंच नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा माझं लक्ष ओजीच्या जेरॅक्सकडे गेलं. तो सपोर्ट, म्हणजे बाकीच्यांना साथ देणारा. बक्षिसं, आकडे सगळे कॅरीच्या (संघाच्या मुख्य मारेकऱ्याच्या) नावावर. पण लढाई सुरू व्हायच्या आधी तो कुठे जाऊन उभा राहतो ते बघा. झाडांच्या आड, कुणाच्या नजरेत न येता, आणि बरोबर वेळेला बाहेर. मी इतकी वर्षं सपोर्ट खेळलो, पण असं बघितलं नव्हतं कुणाकडे.

जमावात बसून बघणं हा आणखी वेगळा प्रकार. २०१९ च्या एप्रिलमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये डोटाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली होती. तेव्हा गेलो होतो. कुणी एनिग्मा या हिरोच्या ब्लॅक होलमध्ये तिघा-चौघांना पकडलं की शेजारचा अनोळखी माणूस आपला खांदा धरून हलवायचा.

खारी, तुम्ही खेळता हे फार छान आहे. हात सांभाळा. मध्ये मध्ये उठा, मनगट मोकळं करा. हे मनापासून सांगतोय.


खारी बिस्किट

तिठा दादा, तुमचा प्रतिसाद वाचून खरंच उठलो. काळजी घ्या. डाव्या हाताने खेळता येण्यासारखं काही असेल तर शोधून सांगतो.


टेम्सकाठी

लांबपल्लांच्या 'खेळणं आधी' या नियमाला अपवाद म्हणून माझी नोंद घ्यावी.

२ नोव्हेंबर २०२४, लंडनचा ओ टू. लीग ऑफ लेजंड्सची जागतिक अंतिम फेरी. ऑफिसातल्या एकाकडे जास्तीचं तिकीट होतं म्हणून गेलो. गेम कधी उघडलेलाही नव्हता. टी१ विरुद्ध बिलिबिली गेमिंग. टी१ दोन-एकने मागे. चौथा गेम सुरू झाला तेव्हा माझ्या शेजारची कोरियन मुलगी ओढणीसारखा टी१ चा स्कार्फ तोंडावर धरून बसलेली. आणि मग टी१ चा फेकर. त्याने पहिलं विजेतेपद २०१३ मध्ये मिळवलं होतं, या खेळात एवढी वर्षं टिकणं म्हणजे कमालच. चौथ्या आणि पाचव्या गेममध्ये तो ज्या तऱ्हेने पुढे घुसत होता ते समजायला नियम लागले नाहीत. बाकीचे नऊ जण अंतर राखून खेळत होते, हा अंतर संपवत होता. ३-२. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडूही तोच.

परत येऊन मी तो गेम शिकायला घेतला. आवडला नाही. सोडून दिला. सामने मात्र बघतोच, २०२५ ची चेंगडूची फायनलही बघितली, टी१ तिसऱ्यांदा लागोपाठ जिंकले. म्हणजे मी आधी बघितलं, मग खेळलो, मग खेळणं सोडलं आणि बघणं ठेवलं.


लांबपल्ला

नोंद घेतली. अबोलीताई आणि तुम्ही मिळून माझा नियम बराच खिळखिळा केलात.


ब्रिक गेम

टेट्रिसचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? आपल्या पिढीच्या हातात आधी तेच आलं. जत्रेत, रेल्वे स्टेशनबाहेर मिळणारा तो 'ब्रिक गेम ९९९९ इन १', दोन पेन्सिल सेल आणि कधीच बंद न होणारा आवाज. त्यामुळे हा एक खेळ असा आहे की तो बघताना घरातल्या कुणालाही काही समजावावं लागत नाही.

१९८९ च्या निन्टेन्डो टेट्रिसमध्ये २९ व्या लेव्हलला तुकडे इतक्या वेगाने पडतात की बटण दाबून धरलं तरी तुकडा कडेपर्यंत पोचत नाही. त्यामुळे कितीतरी वर्षं लोक समजत होते की गेम इथे संपतो. मग काहींनी बटण दाबून धरण्याऐवजी अंगठा थरथरवत टपटप मारायला सुरुवात केली. त्यानंतर रोलिंग आलं. यात अंगठा बटणावर स्थिर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी कंट्रोलरच्या पाठीवर एकामागून एक टिचक्या मारायच्या. म्हणजे बोट बटणाकडे जात नाही, बटणच अंगठ्यावर येऊन आदळतं! हे सुचलं कुणाला असेल? डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा १३ वर्षांचा विलिस गिब्सन या पद्धतीने १५७ व्या लेव्हलपर्यंत गेला आणि गेमच गोठला. इतक्या वर्षांत माणसाने पहिल्यांदाच तो गेम त्या टोकाला नेला.

तो व्हिडिओ मी सासूबाईंना दाखवला. त्या ब्रिक गेम खेळायच्या. 'अगं, लांब काठी आली!' असं त्या दोनदा मोठ्याने म्हणाल्या. खेळलेल्या माणसाचं बघणं वेगळं असतं हे मला तेव्हा दिसलं, त्यामुळे मी थोडी लांबपल्लांच्या बाजूने.


लांबपल्ला

धन्यवाद. एकटाच पडलो होतो.


टॉर्च

कोपरा यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्यातला तिसरा परिच्छेद सगळे विसरले. तोच मॅप आपल्याकडे आहे, ही गोष्ट फार मोठी आहे.

२०१६ मध्ये अमेरिकेत कोलंबसला मेजर, म्हणजे काउंटर-स्ट्राइकची मोठी स्पर्धा झाली. उपांत्य फेरीत ब्राझीलच्या कोल्डझेराने मिराजच्या बी साइटवर (बॉम्ब लावायच्या दोन जागांपैकी एक) हवेत उडी मारलेली असताना एडब्ल्यूपी ही स्नायपर बंदूक चालवून लिक्विड संघाचा हल्ला मोडला. गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हने नंतर त्या खेळीची आठवण म्हणून मॅपमध्ये भिंतीवर चित्र काढलं. आपण रात्री जेवून मिराज खेळायला उतरतो तेव्हा त्या चित्रासमोरून पळत जातो. बघितलेली जागा आणि खेळायची जागा अशी एक होणं दुसऱ्या कुठल्या खेळात आहे?

मी असं करतो. आवडलेल्या सामन्याची डेमो फाइल (सामन्याचं रेकॉर्डिंग) उतरवून घेतो आणि गेममध्येच उघडतो. भिंतीपलीकडच्या आकृत्या बंद (संत्राबर्फींचा कागद!). एकच खेळाडू निवडायचा, शक्यतो स्टार नसलेला, आणि सगळे राउंड त्याच्याच डोळ्यांनी बघायचे. अवघड जागा आली की थांबवायचं. मी असतो तर काय केलं असतं हे आधी ठरवायचं, मग पुढे सोडायचं. बहुतेक वेळा तो माझ्यापेक्षा कमी काहीतरी करतो. मी धावलो असतो, तो थांबतो. मी दोन ग्रेनेड टाकले असते, तो एक हातचा राखतो. मग रिकामा मॅप उघडून त्याने टाकलेला स्मोक (धुराचा ग्रेनेड) त्याच जागेवरून टाकून बघायचा. स्टेअर्स, जंगल या मॅपवरच्या जागांचा. भिंतीचा कुठला कोपरा क्रॉसहेअरला (नेमाच्या खुणेला) लावायचा ते डेमोत स्पष्ट दिसतं. पहिले काही भलतीकडे पडतात. मग बसतो.

यात मी खेळतोय की बघतोय? मला खरंच सांगता येत नाही, आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.


उसाचा रस

टॉर्च भाऊ, बीजीएमआयला डेमो नाय, पण मोठ्या खेळाडूंचे स्वतःच्या स्क्रीनचे व्हिडिओ यूट्यूबवर पडतात. आम्ही पण असंच करतो. गाडी कुठं आडवी लावली, स्मोक किती टाकलं, कुणाला आधी उचललं. आणि मग मित्राचा चांगला फोन घेऊन तीच जागा. मला येत नव्हतं तवर वाटायचं गाडी आडोशाला लावणं सोपं असतंय.


कोपरा

टॉर्च, माझ्या प्रश्नाचं उत्तर यात बरंचसं आलं. मी 'खेळता येत असूनही बघतो' असं लिहिलं होतं. आता वाटतंय की खेळता येतं म्हणूनच इतकं बघतो. मिराजची प्रत्येक पायरी पायाखालची आहे, म्हणून तिथे कुणी नवीन काही केलं की लगेच लक्ष जातं. जो गेम मी खेळत नाही तो मला तासभर बघवत नाही, हेही तितकंच खरं. पण अबोलीताई आणि टेम्सकाठी यांचं मात्र असं नाही, आणि त्यांचं बघणं माझ्यापेक्षा कमी आहे असं म्हणायची माझी तयारी नाही.


अबोली

धागा मुलाला वाचून दाखवला. तो म्हणतो, रोलिंगचा व्हिडिओ दाखव आणि टॉर्चकाकांना विचार की व्हॅलोरंटमध्ये डेमो बघता येतो का.


टॉर्च

अबोलीताई, त्याला सांगा की व्हॅलोरंट त्याच्याकडे असेल तर स्वतःचे अलीकडचे सामने गेममध्येच परत बघता येतात का ते आधी तपास. मोठ्या खेळाडूंसाठी एकेकाच्या स्क्रीनचं चित्रण शोध. आणि मला दादा म्हटलेलं चालेल.


खारी बिस्किट

टॉर्चची पद्धत काल करून बघितली. पहिल्या हाफचे १२ राउंड एकाच खेळाडूच्या डोळ्यांनी. हात शिवशिवले, पण थांबलो. एक गोष्ट जाणवली: तो कोपऱ्यावर येण्याआधी चालणं थांबवतो आणि मगच बंदूक रोखतो, दर वेळेला, न चुकता. हे मी खेळून खेळून कधी बघितलं नसतं. माझं उत्तर तरी तेच, खेळतो. पण आता आठवड्याला एक डेमो.

शनिवारी रात्री दहाला मिराज. पाच जण लागतील. कोण कोण?


कोपरा

मी.


टॉर्च

मी. मुंबई सर्व्हर घ्या, सिंगापूर नको.


लांबपल्ला

मीही. चाळीस मिनिटांच्या वर बसू शकणार नाही, सकाळी मुलीचं पोहणं असतं.


झुंबर

काउंटर-स्ट्राइक फारसं येत नाही, पण पाचवा कमी पडत असेल तर येतो. स्मोक कुठे टाकायचा ते सांगत राहा.


खारी बिस्किट

झाले पाच. झुंबर, तुम्ही माझ्यासोबत बी साइटला.


तिठा

लॉबीत बघणाऱ्याची एक जागा मला ठेवा. आकृत्या बंद करून बघेन.


टेम्सकाठी

मलाही. लंडनला तेव्हा दुपार असेल.